साप शेवटी दाखवा: नवीन डीएमसाठी युआन-टी

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत आणि फासे टाकत खेळायचा खेळ, आणि त्यातला डीएम म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा. पाचपाखाडीतल्या आमच्या टेबलावर मी पहिल्यांदा युआन-टी, म्हणजे अर्धा माणूस अर्धा साप असा राक्षस, आणला तेव्हा तो जेमतेम वीस मिनिटं टिकला. देवळाचं दार उघडलं, आत सापाच्या डोक्याची तीन माणसं तलवारी घेऊन उभी, मी उत्साहात फुत्कार बित्कार काढला, आणि समोरून ऐरोलीवाल्या फायटरने, म्हणजे लढवय्याचं पात्र खेळणाऱ्याने, तोंडाने बीन वाजवायला सुरुवात केली. सगळे हसून लोळले, मग फासे टाकले, तिन्ही मेले, पुढची खोली. दुसऱ्या वेळी नवीन ग्रुप होता, लेव्हल एकचा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या कच्च्या पात्रांचा, आणि तेव्हा उलटं झालं, दोन बाण आणि दोन प्लेअर आडवे, खेळ तासाभरात खलास आणि वडे गरम असतानाच सगळे एकमेकांकडे बघत बसलेले. तिसऱ्या वेळी मी साप दाखवलाच नाही. जकात नाक्यावरचा एक कारकून दाखवला, आणि तो कारकून अकरा सेशन चालला.

तर हे जे काही खाली लिहितोय ते त्या तिसऱ्या वेळेवरून शिकलेलं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती धरून लिहितोय, आकडे २०१४ च्या मॉन्स्टर पुस्तकातले आहेत. तुम्ही नवीन डीएम असाल, दोन-चार सेशन घेऊन झाली असतील, गॉब्लिन मारून कंटाळा आला असेल, तर पुढे वाचा.

पायरी १: आधी हा कोण ते नीट समजून घ्या

सापाचं काहीतरी अंगावर असलेले राक्षस या खेळात भरपूर आहेत आणि नवीन माणूस हमखास घोळ करतो. मेड्युसा म्हणजे केसांच्या जागी साप आणि नजरेने दगड करणारी. नागा म्हणजे अख्खं सापाचं धड आणि वर माणसासारखं तोंड, मंत्र येतात, आणि मेला तरी काही दिवसांत परत जिवंत होतो. युआन-टी ही तिसरीच भानगड. ही मुळात माणसं होती. एका जुन्या, प्रगत राज्यातली माणसं, ज्यांनी सापाला आदर्श मानलं, नरबळी दिले, विधी केले आणि पिढ्यानपिढ्या स्वतःला सापात मिसळत गेली. त्या बदल्यात भावना गेल्या. राग, माया, दया यांना ते कमजोरी समजतात. माणूस त्यांच्या लेखी एकतर अवजार किंवा जेवण.

हे लोक या खेळात बरेच जुने आहेत, १९८१ साली छापलेल्या एका साहसात, जंगलात हरवलेल्या शहरात, ते पहिल्यांदा भेटले. नंतर फरगॉटन रेल्म्स या खेळाच्या तयार जगात चल्ट नावाच्या दमट जंगली प्रदेशात त्यांचं बस्तान बसलं. पण तुमचं जग तुम्हीच बनवलेलं असेल तर जंगल लागतंच असं काही नाही, मी एक तळ्यांचं गाव केलं होतं, आता ठाण्यात राहणाऱ्या माणसाला तळ्यांचं गाव सुचणार नाही तर काय सुचणार.

त्यांच्यात उतरंड आहे आणि ती पाठच करा. सगळ्यात खाली प्युअरब्लड, जवळजवळ माणूस, फक्त डोळ्याची बाहुली उभी किंवा जीभ दुभंगलेली किंवा मानेवर खवल्यांचा एक चट्टा. नव्या आवृत्तीत यालाच इन्फिल्ट्रेटर म्हणतात आणि खरं सांगायचं तर ते नाव जास्त बरोबर आहे. मध्ये मॅलिसन, अर्धा-अर्धा, त्याचे तीन प्रकार: एकाचं डोकं सापाचं, एकाचे हात म्हणजेच साप, एकाचं कमरेखालचं अंग सापाचं. सगळ्यात वर अ‍ॅबॉमिनेशन, प्रचंड मोठा, साप जास्त आणि माणूस कमी. म्हणजे जितका साप जास्त तितका मान जास्त. आपल्याला जो सगळ्यात भयानक दिसतो तो त्यांच्यात सगळ्यात देखणा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, या राक्षसाचे आकडे फुकट मिळणाऱ्या नियमांच्या संचात नाहीत, बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर या राक्षसांसारखा हाही कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलाय. पुस्तक नसेल तर फुकट संचातला स्पिरिट नागा किंवा मेड्युसा घ्या आणि बाकी सगळं या लेखातलं वापरा, कारण यातलं बहुतेक सगळं आकड्यांशिवाय चालतं.

पायरी २: टेबलावर विचारून घ्या

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका. सापाची भीती ही खरी भीती असते, आणि ती माणूस चारचौघांत सांगत नाही. आमच्यात नेरूळवरून येणारी विझार्ड (जादूगाराचं पात्र खेळणारी), एरवी कशालाच न घाबरणारी, तिने मला नंतर एकटं गाठून सांगितलं की विळखा घातल्याचं वर्णन नको, बाकी काहीही चालेल. मग मी विळखा फक्त नियमापुरता ठेवला, "तू अडकलीस, सुटायला रोल कर", संपलं. शिवाय युआन-टीच्या गोष्टीत नरबळी आणि माणूस खाणं येतं, तेही कितपत दाखवायचं ते आधी ठरवा. वैयक्तिक मेसेज करून विचारा, ग्रुपवर नको, ग्रुपवर सगळे "चालेल रे" म्हणतात.

अजून एक आपल्याकडचं. नागोबा आपला देव आहे, नागपंचमीला घरात पाटावर काढतो, तवा ठेवत नाही, चिरत नाही. मी एकदा श्रावणात बाजारातून आणलेला मातीचा छोटा नागोबा मिनी म्हणून, म्हणजे राक्षसाची छोटी मूर्ती म्हणून, नकाशावर ठेवायला घेतला तर आईने हातातून काढून घेतला, आणि बरोबरच केलं. तिथे आता बाटलीची झाकणं ठेवतो, हिरवी झाकणं प्युअरब्लड, लाल मॅलिसन. युआन-टी खलनायक करायचा तर त्याचा आपल्या नागाशी संबंध जोडू नका, वासुकी, तक्षक, उलूपी यांना त्यात ओढू नका. निदान पहिल्या वेळी तरी नाही.

आणि बीनचा जोक होणार. इच्छाधारी नागिणीचाही होणार. टीव्हीवर इतकी वर्षं नागिणी पाहून मोठे झालेलो आपण, तो कोणी थांबवू शकत नाही. म्हणूनच साप उशिरा दाखवायचा, तोपर्यंत जोक करायची हिंमत राहता कामा नये.

पायरी ३: येऊरला जा, किंवा निदान येऊरचे साप आठवा

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण माझ्या मते सगळी मजा इथेच आहे. पुस्तकात युआन-टी फक्त "साप" आहे. पण साप असा नुसता साप नसतो. ठाण्यात राहता, मागे येऊरचा डोंगर आहे, पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये सर्पमित्रांचे फोन वाजत असतात, तर त्या ज्ञानाचा उपयोग करा. प्रत्येक युआन-टीला एक खरा साप द्या.

प्युअरब्लडला मी मण्यार देतो. मण्यार रात्री फिरतो, दिवसा शांत पडलेला असतो, दात इतके बारीक की जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तरी कित्येकदा कळतही नाही, दुखत नाही, सूज येत नाही, आणि मग पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड होतायत म्हणून माणूस उठतो. बघा, हा अख्खा प्युअरब्लड आहे. तो हल्ला करतो तेव्हा हल्ला झालाय हे कळतच नाही. (खऱ्या आयुष्यात असं काही वाटलं तर लेख बाजूला ठेवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, मांत्रिक बिंत्रिक नको.)

मॅलिसनला घोणस. घोणस आधी सांगते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा आवाज भरत जातो तसा तिचा फुत्कार, लांबूनही ऐकू येतो, आणि तरी माणसं जवळ जातात कारण अजगराचं पिल्लू वाटतं. तुमचा मॅलिसन पण धमकी देणारा, एकदा तरी स्पष्ट "मागे फिरा" म्हणणारा करा. तिरंदाज मॅलिसन असेल तर त्याला चापडा करा, तो हिरवा, बांबूत तासन्तास हलत नाही, आणि डोळा व नाकपुडीच्या मधल्या खळगीने अंधारातही अंगाची उष्णता ओळखतो. प्लेअर अंधारात लपले आणि तरी बाण नेमका आला तर कसं वाटेल विचार करा. नियमात युआन-टीला अंधारात दिसतं एवढंच, उष्णतेचं हे माझं स्वतःचं जोडलेलं आहे, तुम्हीही जोडा, पण मग विझार्डने चिखल फासून अंग थंड केलं तर त्याचा फायदाही तिला द्या.

अ‍ॅबॉमिनेशनला अर्थातच अजगर. अजगर श्वास कोंडून मारतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण विळख्याने मुळात रक्ताभिसरणच कोलमडतं, म्हणून ते इतकं पटकन होतं. आणि मोठं जेवण झालं की तो आठवडेच्या आठवडे काही खात नाही, नुसता पडून असतो. यातून एक फार भारी गोष्ट मिळाली मला: गावातून माणसं गायब होतात, मग दीड महिना काहीच नाही, मग परत. प्लेअरनी अमावस्या, सण, बाजाराचा दिवस असलं सगळं पडताळून पाहिलं, कोणालाही पचनाचं सुचलं नाही.

आणि चौथा साप विसरू नका, धामण. आमच्या पार्किंगमध्ये एकदा धामण निघाली होती, सहा-सात फुटी, वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे "नाग नाग" करत दुसऱ्या मजल्यावर, आणि ती बिचारी बिनविषारी, उंदीर खाऊन उपकारच करणारी. तुमच्या गोष्टीत एक धामण पाहिजेच. म्हणजे असा माणूस जो दिसायला भयंकर, एकटा राहतो, विचित्र वागतो, सापाचं चित्र गोंदवलेलं, सगळा संशय त्याच्यावर जाईल, आणि तो साधा विषावर औषध करणारा वैद्य निघेल. आमच्या लोकांनी त्याचं घर जाळलं. नंतर जेव्हा खरंच औषध लागलं तेव्हा कोणाकडे जायचं हा प्रश्न पडला, आणि तो प्रश्न मी मुद्दाम पाडला नव्हता, त्यांनी स्वतःच पाडून घेतला.

पायरी ४: माणूस बनवा, साप नंतर

आता प्युअरब्लडला नोकरी द्या. राजाचा सल्लागार करू नका, तो पहिल्या वाक्यात पकडला जातो, सल्लागार म्हटला की प्लेअर तलवारच काढतात. छोटी, कंटाळवाणी, पण जिथून सगळं गाव जातं अशी जागा पाहिजे. माझा कारकून जकात नाक्यावर बसायचा. कुठला व्यापारी एकटा आहे, कोणाच्या गाडीत काय आहे, कोण परगावचा आहे ज्याला कोणी शोधत येणार नाही, सगळं त्याच्या वहीत. नावेवरचा तिकीट देणारा, धर्मशाळेचा व्यवस्थापक, पाणी सोडणारा, असं काहीही चालेल.

बोलणं कसं ठेवायचं? फुत्कार टाकायचा नाही. "स" लांबवायचा नाही. हात जोडून सांगतो, नाही म्हणजे नाही. मी त्याला "आपण" दिलं. सगळ्यांशी "आपण". व्यापाऱ्याशी आपण, हमालाशी आपण, आणि पाच वर्षांच्या पोराशीही "आपण बाजूला उभे राहता का". पहिल्या सेशनला सगळ्यांना वाटलं काय सुसंस्कृत माणूस आहे. तिसऱ्या सेशनला आमची पॅलाडिन (धर्मयोद्ध्याचं पात्र खेळणारी) म्हणाली, हा लहान मुलाला अरे-तुरे का करत नाही? तिथे माझ्या अंगावर काटा आला, कारण तीच खूण होती. ज्याला माया नाही त्याला एकेरीत येताच येत नाही. तो भाव करत नाही, शिवी देत नाही, कोणी पाय ठेचला तरी "आई गं" म्हणत नाही. मराठीत खेळत असाल तर हे हत्यार तुमच्याकडे आयतं आहे, इंग्रजीत खेळणाऱ्यांना सगळ्यांनाच एक यू, त्यांना हे मिळणारच नाही.

त्याला खोटं बोलण्याच्या रोलला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्या आकड्यात, अधिक सहा आहे, ते भरपूर आहे, लेव्हल तीनच्या ग्रुपचा ओळखण्याचा रोल सहज हरतो. पण एखाद्याने वीस टाकलाच तर "तो खोटं बोलतोय" असं सांगू नका. सांगा, "तुला त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, अगदी काहीच". खरं आहे ते, आणि पुरेसं आहे.

पायरी ५: सजेशन नीट वाचा, दोनदा वाचा

प्युअरब्लडचं खरं विष म्हणजे सजेशन हा मंत्र. दिवसातून तीनदा. लढाईत वापरून वाया घालवू नका. हा तीस फुटांवरून, बोलून टाकायचा मंत्र आहे, समोरचा विझडमचा सेव्ह, म्हणजे मनाच्या बळावर मंत्र टाळायचा रोल, हरला की सांगितलेलं काम तो आठ तासांपर्यंत करतो, अट एकच की सांगितलेलं वाजवी वाटलं पाहिजे. "स्वतःला भोसकून घे" चालणार नाही. "फार उशीर झालाय, गाडी मागच्या गोदामात लावा आणि तिथेच झोपा, सकाळी पावती देतो" हे चालेल. गंमत म्हणजे साध्या जादूगाराला या मंत्रासाठी जे सामान लागतं त्यात सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा आहे, युआन-टीला मात्र सामान लागतच नाही, जीभ त्याची स्वतःचीच.

आता तीन बारकावे जे नवीन डीएमच्या हातून सुटतात.

एकतर हा एकाग्रतेचा मंत्र आहे. म्हणजे दिवसात तीनदा टाकता आला तरी एका वेळी एकच माणूस ताब्यात. दुसऱ्यावर टाकला की पहिला सुटला. ही तुमच्या हातातली सगळ्यात सुंदर खूण आहे: कारकून नाक्यावर नवीन माणसाशी बोलतो आणि त्याच क्षणी गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी रस्त्यात थबकून म्हणतो, "मी इथे कशाला आलो?" दोन प्लेअर दोन ठिकाणी असतील तेव्हाच हे घडवा. शिवाय कारकुनाला इजा झाली तर एकाग्रता तुटू शकते, म्हणजे दगड भिरकावणारं पोरगंसुद्धा गोष्ट उलटवू शकतं.

दुसरं म्हणजे मंत्र संपल्यावर माणसाला "माझ्यावर मंत्र टाकला होता" असं आपोआप कळतं असं या मंत्रात कुठे लिहिलेलं नाही. माणूस स्वतःच कारण शोधतो. "थकलो होतो म्हणून झोपलो." आपण सगळे असंच करतो.

तिसरं, प्लेअरवर टाकाल तेव्हा जपून. रोल उघड मागितला तर सगळ्यांना कळतं. मी सेशन सुरू व्हायच्या आधीच प्रत्येकाकडून पाच-सहा रोल टाकून घेतो, कागदावर लिहून ठेवतो आणि लागतील तसे खोडत जातो. आणि प्लेअरच्या हातून मित्राला मारायला लावू नका, पहिल्यांदा तरी नको, त्याने टेबलावर कडवटपणा येतो. पत्र पोचवायला लावा. दार उघडं ठेवायला लावा.

पायरी ६: खुणा पेरा, पण मोजून

एका सेशनला दोन खुणा, एक बारीक आणि एक जरा ठळक. सापाला पापण्या नसतात म्हणून तो डोळे मिटत नाही, तर कारकून वाऱ्यात धूळ उडाली तरी पापणी लववत नाही (प्युअरब्लडला पापण्या आहेत, पण सवय नाही, असं मी ठरवलं). थंडीत सकाळी कामावर उशिरा येतो आणि आधी उन्हात उभा राहतो. हातमोजे. नाक्यावर एकही उंदीर नाही, उलट शेजारच्या धान्याच्या गोदामात बुजबुजाट.

ठळक खूण म्हणजे कात. मी बटर पेपर घेतला, बबल रॅपवर ठेवून मागून पेन्सिल घासली, खवल्यांसारखी नक्षी उठते, मग चुरगळून हलका चहा शिंपडला आणि वाळवला. पाच रुपयांत कात तयार. ती टेबलावर ठेवली आणि काहीच बोललो नाही. नीट उलगडली तेव्हा लक्षात आलं की तिला पाच बोटं आहेत. त्या दिवशी कोणी बीन वाजवली नाही.

प्लेअर मंत्रांनी शोधायला लागतील तेव्हा: विष ओळखायचा मंत्र टाकला तर त्याच्या टेबलाखालचे विषारी बाण नक्की सापडतात, तो स्वतः "विषारी प्राणी" धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी धरतो. मूनबीम, म्हणजे चांदण्याच्या झोताचा मंत्र, पडला तर रूप बदलणारा मूळ रूपात येतो, पण प्युअरब्लड रूप बदलतच नाही, तो तसाच आहे, तेव्हा मूनबीमने काही उघड होत नाही आणि प्लेअर चुकून त्याला निर्दोष समजतात. खरं बोलायला लावणाऱ्या मंत्राविरुद्ध आणि एकूणच सगळ्या मंत्रांविरुद्ध त्याला सेव्हचे दोन फासे टाकून चांगला घेता येतो, हे विसरलात तर तो फुकट मरेल.

पायरी ७: पहिली मारामारी, आणि ते दोन बाण

माझा लेव्हल एकचा ग्रुप का मेला ते आता सांगतो. प्युअरब्लड सीआर १ आहे, सीआर म्हणजे राक्षस किती अवघड त्याचा आकडा, नवीन डीएम म्हणतो एक म्हणजे एक, चला. त्याचा बाण एक सहाचा फासा अधिक एक, आणि वर विषाचे दोन सहाचे फासे. सरासरी अकरा. लेव्हल एकच्या विझार्डचे एचपी, म्हणजे जीव मोजणारे गुण, किती, सात-आठ. एक बाण, एक माणूस. त्यात त्याचे स्वतःचे एचपी चाळीस, म्हणजे तो मरायला वेळ घेतो. मी तीन ठेवले होते. गणित केलं असतं तर दिसलं असतं: तीन प्युअरब्लड म्हणजे सहाशे एक्सपी (मारल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण), तीन राक्षस म्हणून दुप्पट धरायचे, बाराशे, आणि चार लेव्हल एकच्या लोकांसाठी "जीवघेणी" लढाई चारशेपासूनच सुरू होते.

म्हणून लेव्हल तीनला सुरुवात करा. चार जण, दोन प्युअरब्लड, दीडपट धरून सहाशे, नेमकी मध्यम लढाई. आधी तलवारीने लढवा, तलवार सौम्य आहे, विष फक्त बाणाला. बाण दिसला की प्लेअरना विषाचा अंदाज यावा म्हणून पहिला बाण एखाद्या घोड्याला लागू द्या.

आता एक गोची. प्लेअर शहाणे होतात आणि बाजारातून पन्नास सोन्याची विषउतार बाटली घेऊन येतात. ती बाटली विषाविरुद्धच्या सेव्हला मदत करते. युआन-टीच्या बाणाला आणि दंशाला सेव्हच नाही, लागला की लागला. म्हणजे पैसे पाण्यात. हे त्यांना मरताना कळलं तर ते तुमच्यावर चिडतील, आणि चिडायलाच पाहिजे. तेव्हा कोणाच्या तरी तोंडून आधी सांगा, तो वैद्य असतो ना, ज्याचं घर अजून जळलेलं नाही, तो सांगेल की हे विष बाटलीने उतरत नाही, त्याला संरक्षणाचा मंत्र पाहिजे, जो विषाची इजा अर्धी करतो. आणि तुमच्या प्लेअरपैकी कोणी विषाचे मंत्र टाकणारा असेल तर त्यालाही इशारा द्या, युआन-टीवर विष अजिबात चालत नाही. ग्रुपमध्ये ड्वार्फ (बुटक्या, दणकट जमातीचं पात्र) असेल तर त्याचा भाव वाढतो, त्याला विषाची इजा मुळातच अर्धी.

वेळेचंही सांगतो. आमच्यातले दोघं ट्रान्स हार्बरने परत जाणारे, त्यामुळे साडेनऊनंतर मी लढाई सुरू करत नाही. अर्धी लढाई पुढच्या शनिवारवर ढकलली की भीती जाते, उरतो फक्त हिशोब, कोणाचे किती एचपी राहिले होते रे.

पायरी ८: मॅलिसन, मग बीळ

मॅलिसन एकटा पुरेसा, सीआर ३, सहासष्ट एचपी. हा मात्र रूप बदलतो, माणसाएवढा साप होतो आणि परत. त्याला पळू द्या. लढाईत अर्ध्यावर आला की गटारात, भिंतीतल्या फटीत, छपराच्या कौलांत शिरला, कपडे आणि तलवार मागे राहिली. प्लेअरना पहिल्यांदा पूर्ण साप दिसतो तो हा, पाठमोरा, जाताना.

बिळाचा नकाशा बनवताना एकच विचार करा, इथे राहणाऱ्यांना पाय असतीलच असं नाही. म्हणजे पायऱ्या नकोत, उतार पाहिजेत, गुळगुळीत झालेले खांब पाहिजेत, दारं कमरेच्या उंचीला गोल. माझं बीळ एका जुन्या बारवेच्या तळाशी होतं, वरून गाव पाणी भरतंय आणि खाली हे. ब्रूडगार्ड टाकायचे असतील तर टाका, ती विधीने बदललेली, अक्कल गमावलेली माणसं, आणि त्यातला एक तो हरवलेला व्यापारी असला तर लढाईच्या मध्यात कोणीतरी तलवार खाली करतंच.

अ‍ॅबॉमिनेशन सीआर ७, एकशे सत्तावीस एचपी, चार जण लेव्हल पाचचे असतील तर एकटाच जवळपास कठीण लढाईएवढा होतो, त्याच्याबरोबर दोन प्युअरब्लड ठेवलेत तर जीवघेणा. तो विळखा घालतो तेव्हा माणूस नुसता पकडला जात नाही, जखडलाही जातो, त्याच्यावर सगळ्यांचे वार सोपे आणि त्याचे स्वतःचे वार अवघड, सुटायला चौदा पाहिजेत. एका वेळी एकालाच. त्याला भावनेने लढवू नका, रागावून पाठलाग नाही, सूड नाही. हरतोय असं दिसलं की बोलायला लागेल, शांतपणे, आणि व्यवहार मांडेल: मी जातो, तुम्हाला गाव मिळालं. प्लेअरनी विश्वास ठेवायचा की नाही हे त्यांचं.

एखादा प्लेअर सगळं पाहून म्हणेल मला युआन-टीच खेळायचाय. तसे नियम निघालेत, २०१६ पासून आहेत, पण २०१६ च्या त्या नियमांत विष चालत नाही आणि मंत्रांविरुद्ध कायम दोन फासे, एवढं एकाला दिलं की बाकीचे तोंड वाकडं करतात. पुढच्या कॅम्पेनला, म्हणजे पुढच्या लांब गोष्टीला, बघू म्हणा.

आणि बिळाच्या शेवटच्या खोलीत अंडी ठेवा. लढाई संपली, सगळे दमलेत, गाडी गाठायची घाई आहे, आणि गवतावर बारा पांढरी अंडी, मऊ कवचाची, कोमट. काय करायचं सांगू नका, नुसतं वर्णन करून गप्प बसा. आमच्याकडे पॅलाडिन फोडायला निघाली, विझार्ड आडवी आली, पाऊण तास भांडण, त्यात वड्यांची चटणी सांडली, शेवटी अकरा फोडली आणि एक रेंजरने (रानात वावरणाऱ्या पात्राने) गुपचूप पिशवीत टाकलं, हे फक्त मला चिठ्ठीवर लिहून दिलं. ती पिशवी तो रात्री शेकोटीजवळ ठेवतो. अंडं किती दिवसांत फुटतं हे त्याने अजून मला विचारलेलं नाही.